तंबू आमचा, कोपी त्यांची

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ऑफिसच्या रिसेप्शनवर माझ्या नावाचं एक लांबुळकं पार्सल आलं. 'चार माणसांचा डोम टेंट, वॉटरप्रूफ' असं त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं. लंच टाइम होईपर्यंत बातमी सगळ्या मजल्यावर पसरली होती. "अगं, तुझी मुलगी आठ महिन्यांची ना?" "मे महिन्यात कॅम्पिंग? आणि कुठे म्हणालीस? बीड?" एकजण तर म्हणाला, "पवनेला जा ना, तिथे तंबूसकट बार्बेक्यू, कराओके सगळं मिळतं. वर रविवारी सकाळी पोहेसुद्धा!"

हेच तर नको होतं. नवरोबांच्या मते पवना लेकला कॅम्पिंग म्हणजे शंभर तंबूंच्या रांगेत झोपून शेजारच्या तंबूतली बेसूर गाणी पहाटे दोनपर्यंत ऐकणं. आम्हाला हवा होता खरा माळ, खरं आकाश आणि खरी शांतता. शिवाय फुकट. आणि हे सगळं माझ्या मामाकडे होतं. बीड जिल्ह्यात चौसाळ्याजवळ त्याचं शेत आहे. लहानपणी उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे तेच. चिंचेखाली पथारी, विहिरीवर आंघोळ, रात्री अंगणात बाजा. आपल्या लेकीलाही ते मिळायला हवं, अशी माझी रोमँटिक कल्पना. (मला ते मिळालं तेव्हा मी आठ वर्षांची होते, आठ महिन्यांची नव्हते, हा बारीकसा तपशील मी सोयीस्करपणे विसरले.)

खरं सांगू का? त्यामागे अजून एक कारण होतं. सव्वीस आठवड्यांची मॅटर्निटी लीव्ह संपवून मी मार्चमध्ये कामावर परतले. आधी ही रजा बारा आठवड्यांची होती. २०१७ साली कायदा बदलला आणि ती सव्वीस झाली, त्याबद्दल आपण सगळ्या जणी ऋणी आहोतच. पण सव्वीस आठवडे संपल्यावर सत्ताविसावा येतो, आणि तो आपल्याला कुणी शिकवलेला नसतो. दिवसभर मीटिंग्ज, मधूनच पाळणाघराच्या ॲपवर फोटो बघणं, घरी आल्यावर ती झोपलेली. मला तीन दिवस हवे होते. लॅपटॉप नाही, कॉल नाही, फक्त ती आणि मी. आणि हो, नवरोबासुद्धा.

तर मंडळी, मे महिन्याच्या पहिल्या वीकेंडला आम्ही निघालो. प्लॅन होता पहाटे तीनला निघायचा, म्हणजे ऊन चढायच्या आत पोचू. प्रत्यक्षात सामान भरता भरता साडेसात वाजले. एका बाळासाठी किती सामान लागतं हे ज्यांना बाळ नाही त्यांना सांगून पटत नाही, आणि ज्यांना आहे त्यांना सांगायची गरज नसते.

नगर (आता अहिल्यानगर), मग जामखेड, पाटोदा करत मांजरसुंब्याला पोचायचं आणि तिथे सोलापूरकडे वळायचं, असा रस्ता. पाटोद्याच्या बाजूला माळावर पवनचक्क्या दिसायला लागल्या, की समजायचं बालाघाटात आलो. पावसाळ्यात हेच डोंगर हिरवेगार असतात. कपिलधारचा धबधबा, सौताड्याचा धबधबा यांचे फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिले असतीलच. मे महिन्यात मात्र सगळं भुरकट. सीताफळीच्या फांद्यांना पान नाही. रस्त्यावर मृगजळ. गाडीतला एसी फुल आणि मागच्या सीटवर आमची चिमणी मजेत स्वतःचा पाय खात बसलेली.

जामखेडला नवरोबा पाणी घ्यायला उतरले आणि सवयीने गाडी बंद करून किल्ली खिशात टाकून निघाले. मी मागे बसलेली होते म्हणून बरं. तेवढ्या पाच मिनिटांत मला घाम फुटला. उन्हात उभ्या, बंद गाडीचं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी वाढतं, आणि काच दोन बोटं खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. काचेतून ऊन आत येतं, सीट आणि डॅशबोर्ड तापतात, आणि त्यांची उष्णता आतच कोंडून राहते. हा धडा मी जामखेडला घेतला. आणि दुसऱ्याच दिवशी विसरले. ते पुढे येईलच.

दुपारी दीडला चौसाळ्यात पोचलो. मामी दारातच. भाकरतुकडा ओवाळून टाकला, चिमणीला उचललं आणि पहिलं वाक्य, "अगं बाई, एवढ्या उन्हाचं आणलंस लेकराला?" मामा जावयाच्या हातातला तंबू बघत राहिले. "पाव्हणं, हे काय आणलंय?"

नवरोबांनी समजावून सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "आन् घर काय वाईट आहे का?"

संध्याकाळी तंबू उभा करायचा कार्यक्रम झाला. मामा म्हणत होते की चिंचेखाली लावा. नवरोबांना 'व्ह्यू' हवा होता. त्यामुळे तंबू लागला उघड्या माळावर, पूर्वेला तोंड करून, सूर्योदय दिसावा म्हणून. वस्तीवरची पाच-सहा पोरं बघायला जमली. कांबी वाकवल्या, कापड चढवलं, खुंट्या ठोकल्या. एक पोरगी दुसरीला म्हणाली, "आगं, कोपी करतेत." मला वाटलं कुठल्या खेळाचं नाव असेल.

ती रात्र मात्र... त्या रात्रीबद्दल मी काहीही ऐकून घेणार नाही. बालाघाटावरचं ऊन कितीही असो, रात्री वारा सुटतो. तंबूचं वरचं कापड काढून टाकलं होतं, नुसती जाळी. आकाशात इतक्या चांदण्या की चिमणी झोपायचंच विसरली. डोळे मोठ्ठे करून बघत राहिली. पहाटे कुठेतरी मोर ओरडला. मामा सकाळी म्हणाले की यात नवल काही नाही, पलीकडे पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांचं अभयारण्यच आहे, १९९४ पासूनचं. मी फोनवर स्टेटस टाकलं. 'पवना हू?' असं काहीतरी. साठ लाइक्स.

सकाळी सहाच्या सुमाराला सूर्य उगवला, अगदी तंबूच्या दारात. सातला आम्ही जागे झालो ते घामानेच. मामी येऊन सांगून गेली, "लेकराला घरात आण." गेलो. पण घरावर पत्रे, आणि दहाच्या सुमाराला लाईट गेली. पंखा बंद. पत्र्याखाली जीव नकोसा झाला. मग मला सुचलं (मला, नवरोबांना नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवते), की तंबूत जावं. वरचं कापड चढवलं की सावली होईल. सावली म्हणजे गारवा, नाही का?

नाही. तंबूचं कापड पावसाचं पाणी अडवतं, उन्हाची उष्णता नाही. ऊन पडलं की कापड तापतं, आतली हवा तापते, आणि वर जाणाऱ्या गरम हवेला बाहेर पडायला वाट नसते. जामखेडच्या गाडीचंच हे कापडी भावंडं. उन्हातल्या बंद तंबूपेक्षा झाडाखालची उघडी जमीन शंभर पटींनी बरी. हे मला त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर सांगताही आलं असतं. कारण माझी डिग्री मेकॅनिकल इंजिनिअरिंगची आहे. पण कुणी विचारलं नाही.

चिमणीला फक्त डायपरवर ठेवलं, बॅटरीचा छोटा पंखा लावला आणि ती झोपली. मी खूश. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, ती झोपलेलीच. किती शहाणी पोर! बाराला मी तिला पाजायला उठवलं. तिने दोन घोट घेतले आणि मान वळवली. रडली, पण बारीक आवाजात. नेहमीचा तिचा सायरन नाही. अंग गरम, पण म्हटलं हवाच गरम आहे. डायपर बघितलं. कोरडं. म्हटलं चला, एक डायपर वाचलं.

हे वाक्य मी मनात म्हटलं, ते अजूनही मला रात्री आठवतं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "काकू हायत का हितं?" शेजारच्या वस्तीवरची एक बाई मामीकडे ताक न्यायला आली होती आणि मामीला शोधत इकडे आली. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहानच असेल. कडेवर एक बाळ, साधारण आमच्या चिमणीएवढंच. तिने वाकून तंबूत डोकं घातलं आणि तसंच मागे घेतलं. "आत लई धग हाय, ताई. लेकरू बाहीर काढा."

मी काढलं. तिने स्वतःचं बाळ खाली ठेवलं, चिमणीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि टाळूवर बोट थांबवलं. "टाळू बघा की. आत गेलीय. सकाळधरनं मुतलीय का?"

मी आठवायला लागले. सकाळी सातला डायपर बदललं होतं. म्हणजे पाच तास. माझ्या पायाखालची जमीन सरकली.

पुढचा अर्धा तास सगळं तिनेच केलं. चिंचेच्या फांदीला एक नऊवारी बांधली, झोळी तयार. मामीची दुसरी जुनी साडी पाण्यात भिजवून वाऱ्याच्या बाजूने दोरीवर टाकली. मला म्हणाली, "तुमी आधी पानी प्या. तांब्याभर. मग पाजा." मी प्यायले. खरंच, मीही सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. ओल्या फडक्याने चिमणीचं अंग पुसलं. ओल्या साडीतून येणारा वारा अंगाला लागला आणि मला आश्चर्यच वाटलं. गार होता. अगदी एसीसारखा नाही, पण गार.

चिमणी हळूहळू प्यायला लागली. दोन मिनिटं, थांबली, परत तीन मिनिटं. तेवढ्यात नवरोबांनी गाडी सुरू करून आतून गार करून ठेवली होती. गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जीभ बघितली, डोळे बघितले, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ताप मोजला. "पाणी थोडं कमी झालंय अंगातलं. वेळेवर आणलंत. घाबरू नका." अंगावरचं दूध सारखं सारखं पाजत राहायचं, आणि मध्ये चमच्या-चमच्याने ओआरएस. उलटी झाली, फार झोपाळू झाली किंवा लघवी झालीच नाही, तर तडक बीडला न्यायचं. पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात सगळी पुडी विरघळवायची. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकायची नाही. तयार केलेलं पाणी चोवीस तासांनंतर फेकून द्यायचं.

डॉक्टरांनी पुडी हातात देताना अजून एक गोष्ट बजावली. दुकानात ओआरएससारखी दिसणारी गोड पाकिटं मिळतात, ती घेऊ नका. त्यात साखर भरमसाट असते आणि जुलाब लागलेल्या मुलाला ती उलट अपाय करते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या पाकिटांविरुद्ध कित्येक वर्षं लढा दिला. शेवटी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर 'ओआरएस' हा शब्द छापायला मनाई केली.

परत येऊन चिंचेखाली बसले. चमच्याने ओआरएस पाजत. एक चमचा, थांबायचं, दुसरा चमचा. या चमच्याची गोष्टही एका छावणीतलीच आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. सीमेवरच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं मोजून मापून केलेलं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि पेशंटच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. नर्स नाही, सुई नाही. आईने पेल्याने पाजायचं. मरणाचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. काही रुपयांच्या त्या पुडीकडे मी त्या दुपारी जरा वेगळ्या नजरेने बघितलं.

चार वाजता चिमणीने झोळी, माझी कुर्ती आणि मामीची साडी, तिन्ही एकदम ओलं केलं. घरात असा आनंदीआनंद झाला, की अप्रेझलमध्ये मला टॉप रेटिंग मिळालं तेव्हासुद्धा झाला नव्हता. नवरोबांनी मामांना मिठी मारली. मामा अवघडून उभे राहिले.

ती बाई संध्याकाळी परत बघायला आली. तिचं बाळ आणि आमची चिमणी एकाच झोळीत, पायाला पाय लावून. मामीने चहा केला. आणि तंबूकडे बोट दाखवून तिने मला विचारलं, "ताई, येवढं घर सोडून तुमी कोपीत कामून झोपता?"

तेव्हा मला समजलं, 'कोपी' म्हणजे काय.

बीड जिल्हा म्हणजे ऊसतोड कामगारांचा जिल्हा, हे आपण पेपरमध्ये वाचलेलं असतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावंच्या गावं रिकामी होतात. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कारखान्यांच्या हद्दीत. मुकादमाकडून आगाऊ पैसे घेतलेले असतात, त्याला उचल म्हणतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. म्हणजे माणसं दोन, पण हिशोबात एक. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला की परत. तोवर राहायचं उसाच्या फडाशेजारी, कोपीत. वाकवलेल्या बांबूच्या कांबी, त्यावर ताडपत्री किंवा प्लॅस्टिक. आत जायचं तर वाकूनच. आत एक चूल, एक पेटी, एक माणूस सरळ उभा राहील एवढीच उंची. हुबेहूब आमचा डोम टेंट. फक्त वॉटरप्रूफची गॅरंटी नाही.

तिचं बाळ तिथेच झालं होतं, भर हंगामात. "किती दिवस सुट्टी घेतलीस?" मी विचारलं. आमच्या ऑफिसातला प्रश्न. ती हसली. मग तिने सांगितलं की कामावर न जायच्या दिवसाला 'खाडा' म्हणतात आणि खाड्याचे पैसे उलट कापले जातात. आठव्या-नवव्या दिवशी ती फडात होती. पहाटे तीनला उठायचं, भाकरी करायच्या, बाळाला टायरगाडीत घालायचं. फडात लिंबाचं नाहीतर बाभळीचं झाड बघायचं, झोळी बांधायची. झाड नसलं तर गाडीखाली. दर थोड्या वेळाने मोळी टाकून येऊन टाळूला हात लावून बघायचं. "लेकराला बोलता येत न्हाई, ताई. टाळू बोलती."

मी काही बोलले नाही. सव्वीस आठवडे माझ्या घशात अडकले होते.

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, हे मला मुद्दाम लिहायचंय. मी विचारलं म्हणून तिने सांगितलं, जसं आपण कुणाला आपला शिफ्टचा टाइम सांगतो. पण मी घरी आल्यावर जरा वाचलं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या देशभर झळकल्या होत्या, आठवतंय? डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२,३०९ जणींची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. खाडा परवडत नाही, दुखणं काढायला जागा नाही, पाळीच्या दिवसांत फडात आडोसाही नाही. त्यावेळी ती बातमी वाचून मी 'किती भयंकर' असं म्हणून पुढे स्क्रोल केलं होतं. आता त्या आकड्यातल्या एकीच्या शेजारणीने माझ्या मुलीची टाळू तपासली होती.

असो. हा कॉलम काही अग्रलेख नाही, आणि मी दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून समाजसेवेला लागले असंही नाही. मंगळवारी साडेनऊला मी स्टँड-अप कॉलवर होते. पण ज्यांनी ज्यांनी मला नंतर विचारलं, "लहान बाळ घेऊन उन्हाळ्यात जावं की नाही?" त्यांना मी जे सांगते ते इथेही सांगून टाकते.

जा. पण बाळाच्या घड्याळाने जा. प्रवास पहाटेचा किंवा संध्याकाळचा. दुपारी अकरा ते चार झाडाखाली किंवा जाड भिंतींच्या घरात, तंबूत मुळीच नाही. तंबू लावायचाच तर सावलीत, आणि रात्रीपुरता. बाबागाडीवर जाड कापड टाकून सावली करू नका, आत वारा खेळत नाही आणि छोटा तंबूच तयार होतो. ओलं कापड वाऱ्याच्या बाजूने टांगायची युक्ती बीडसारख्या कोरड्या हवेत झकास चालते, कारण पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. मुंबई-अलिबागच्या दमट हवेत तिचा तितका उपयोग नाही. तिथे नुसता वारा आणि सावली.

बाळाचं शरीर आपल्यापेक्षा लवकर तापतं. वजनाच्या मानाने त्याची कातडी जास्त, घाम कमी, आणि 'मला उकडतंय' हे सांगायची सोय नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातसुद्धा वरचं पाणी द्यायचं नसतं. आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं. फक्त ते जास्त वेळा पाजायचं, आणि आईने स्वतः भरपूर प्यायचं. सहा महिन्यांनंतर उकळून गार केलेल्या पाण्याचे घोट चालतात. आणि डायपर मोजा. दिवस-रात्रीत साधारण सहा ओले डायपर म्हणजे सगळं ठीक. चार-पाच तास कोरडं राहिलं, टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, नेहमीपेक्षा गुपचूप पडून आहे, यातलं काहीही दिसलं तर थेट डॉक्टर. गुपचूप पडलेलं बाळ म्हणजे शहाणं बाळ, हा गैरसमज मी तुमच्या वतीने करून बघितला आहे.

निघायच्या दिवशी सकाळी नवरोबा तंबू गुंडाळत होते. मी म्हटलं, "थांबा." मग आम्ही दोघं मामांशी बोललो, आणि तंबू तिथेच ठेवला. तिला देऊ का, असं मी मामीला आधी विचारलं होतं. मामी म्हणाली, "देऊ नको बाई. पुढच्या हंगामाला ती तुझा हा निळा डबा घेऊन जाईल, आन् उन्हात लेकरू शिजंल." बरोबर होतं तिचं. दान करतानाही जरा डोकं वापरावं लागतं. मग तिच्या बाळाला आम्ही काय दिलं? मामीच्या सल्ल्याने दोन सुती नऊवाऱ्या, एक चांगला डिजिटल थर्मामीटर आणि ओआरएसच्या पुड्यांचा डबा. पुडी किती पाण्यात घालायची ते तिला दाखवायला गेले, तर तिने लिटरची रिकामी बाटली आधीच धुऊन ठेवलेली होती. आशाताईंनी शिकवलंय म्हणाली.

तंबू आता मामांच्या गोठ्याशेजारी चिंचेखाली लावलेला आहे. त्यात मामांची कोंबडी अंडी घालते, सकाळी सहा ते आठ. मग ती बाहेर येते आणि दिवसभर सावलीत बसते.

कोंबडीलासुद्धा कळतं!